पार्श्वभूमी : फ्रीमेसन सभासदाचा हक्क आणि पुण्याच्या ‘ओरायन’चे सनदप्रकरण

पेशवाई बुडून पाच वर्षे झाली होती. १५ नोव्हेंबर १८२३ रोजी मुंबई तोफखान्यातल्या अधिकाऱ्यांनी पुण्यात ‘ओरायन इन द वेस्ट’ हे लॉज, म्हणजे फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या बंधुसंघटनेची शाखा, सुरू केले. सनद आली मद्रासहून, म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या (लॉजांना सनद देणाऱ्या शिखर संस्थेच्या) हाताखालच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रांतिक ग्रँड लॉजकडून. क्रमांक १५. सभासद नेमाने शुल्क आणि तिमाही वर्गणी भरत होते आणि ते पैसे मद्रासला पोहोचतही होते. १८२५ मध्ये लॉजातली बिगरलष्करी मंडळी वेगळी झाली. ‘लॉज ऑफ होप’ नावाने त्यांनी पुण्यातच दुसरे लॉज काढले आणि त्यासाठी थेट इंग्लंडची सनद मिळवली, क्रमांक ८०२. त्या अर्जाला शिफारस होती ती मूळ ‘ओरायन’चीच.

गंमत पुढे आहे. ‘ओरायन’ नावाचे लॉज अस्तित्वात आहे याची लंडनला वार्ताच नव्हती. मद्रासने वसूल केलेल्या पैशांपैकी काहीच वर गेले नव्हते आणि नावेही गेली नव्हती. त्यात आणखी एक उघड झाले: मुंबई इलाख्यातल्या लॉजला सनद देण्याचा अधिकार मद्रासच्या प्रांतिक प्रमुखाला मुळात नव्हताच. म्हणजे ज्याला इंग्लंडमध्ये मान्यता नाही अशा लॉजने शिफारस केलेले लॉज मान्य, आणि शिफारस करणारे अमान्य. शेवटी १९ जुलै १८३३ रोजी इंग्लंडने नवी सनद दिली, क्रमांक ५९८. नंतरच्या फेरक्रमांकात तो ४१५ झाला.

सभासदांच्या हक्कांविषयी पुढे जे वाद झाले, त्यातले बरेचसे या एका प्रकरणात बीजरूपाने सापडतात. मेसनचा हक्क लॉजातल्या दीक्षेने सुरू होतो खरा, पण तो टिकतो वरच्या नोंदवहीवर. सेक्रेटरीने वार्षिक यादी पाठवली नाही, किंवा मधल्या कार्यालयाने ती दाबून ठेवली, तर सभासदाकडे पावती असूनही ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र मिळत नाही. परगावच्या लॉजात पाहुणा म्हणून जायचे तर ओळख पटवण्यासाठी तेच लागते.

असाच घोळ अटलांटिकपलीकडे झाला, पण तिथला शेवट फार कडवट आहे. बोस्टनच्या कृष्णवर्णीय मेसनांना प्रिन्स हॉल यांच्या नेतृत्वाखाली १७८४ मध्ये इंग्लंडची सनद मिळाली होती: आफ्रिकन लॉज, क्रमांक ४५९. संपर्क तुटला, आणि १८१३ मध्ये इंग्लंडच्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्यावर जी नवी यादी बनली, तिच्यातून हे नाव गळाले. ‘ओरायन’ची चूक दहा वर्षांत दुरुस्त झाली. आफ्रिकन लॉजमधूनच पुढे वाढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला इंग्लंडची मान्यता मिळायला १९९४ उजाडले. एका ठिकाणी तोफखान्याचे गोरे अधिकारी होते आणि दुसरीकडे नव्हते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

मुळात मेसनरीची घटना, म्हणजे मूळ नियमावली, काय सांगत होती? लंडनच्या चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापली असे परंपरा मानते. ही तारीख मात्र जेम्स अँडरसनने १७३८ मध्ये लिहिलेल्या हकिगतीवर उभी आहे आणि इतिहासकार आता तिच्याविषयी साशंक आहेत. १७२३ ची छापील घटना मात्र निर्विवाद आहे. तिच्यात ३९ सामान्य नियम होते आणि त्यातला शेवटचा आजही वाचण्यासारखा आहे: नवा नियम करायचा किंवा जुना बदलायचा तर त्याचा मसुदा वार्षिक मेजवानीच्या आधी, जेवणापूर्वी, सगळ्यांना लेखी वाचायला द्यायचा, अगदी सर्वांत धाकट्या शिकाऊ सभासदालासुद्धा, आणि उपस्थितांच्या बहुमताशिवाय तो लागू होणार नाही. जुने मूळ दंडक तेवढे जपायचे.

ही रुंदी टिकली नाही. इंग्लिश परंपरेत पुढे ग्रँड लॉजमधले मत लॉजचे विद्यमान मास्टर (अध्यक्ष), वॉर्डन (त्याच्या खालचे पदाधिकारी) आणि माजी मास्टर यांच्यापुरते उरले. माजी मास्टरलाही ते वर्गणीदार असेपर्यंतच. तिसरी, म्हणजे पूर्ण मेसनची, पदवी घेतलेला साधा सभासद आपल्या लॉजात मास्टर निवडू शकतो, खजिनदार निवडू शकतो, पण वरच्या घटनेवर त्याचे थेट मत नाही. वरचे बहुतेक पदाधिकारी ग्रँड मास्टर नेमतो. ग्रँड मास्टरची निवड दरवर्षी होते, पण इंग्लंडचे सध्याचे प्रमुख ड्यूक ऑफ केंट १९६७ पासून त्या खुर्चीवर आहेत, यावरून त्या निवडणुकीत चुरस किती असते ते कळावे. सुधारणेची मागणी आजही फिरून फिरून इथेच येते.

१७२३ च्या त्याच घटनेचा सहावा नियम असा, की उपस्थित सर्व सभासदांच्या एकमुखी संमतीशिवाय कुणाला लॉजात घ्यायचे नाही. भांडखोर माणूस वरून लादला गेला तर सलोखा बिघडेल, हे कारण. मतदान पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी, गुप्त. इंग्लंडमध्ये नंतर तीन काळे गोळे पडले तर नकार, अशी शिथिलता आली. लॉजला आपल्या पोटनियमात दोन किंवा एक ठेवण्याची मुभा राहिली. सभासदाच्या बाजूने पाहिले तर हा मोठा हक्क आहे. अर्जदाराच्या बाजूने पाहिले तर कारण न देता दार लावून घेण्याची सोय. मुंबईत माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना हाच अनुभव आला. मुंबईत प्रवेश नाकारला गेल्यावर त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे पश्चिम भारतातले प्रांतिक प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना प्रवेश देणारे लॉज निघाले. नियम तसाच राहिला, त्याला वळसा घालणारे नवे लॉज तेवढे उभे राहिले. मेसनरीतल्या अनेक सुधारणा अशाच झाल्या आहेत.

बंगालमध्ये तर भेदभाव थेट पोटनियमातच लिहिला होता. जिल्हा ग्रँड लॉजच्या ५५ व्या पोटनियमानुसार प्रमुखाच्या पूर्वपरवानगीशिवाय कुणा आशियाईला घेता येत नसे. प्रसन्नकुमार दत्त या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा प्रयत्न १८६३ पासून चालला होता. दीक्षा मिळाली १८७२ मध्ये. खालचा पोटनियम वरच्या घटनेला छेद देत असेल तर कुणाचे चालते, हा त्यातला मुद्दा. घटनेत जात, धर्म, वर्ण यांची आडकाठी नव्हती. स्त्रियांची होती, आणि १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची संयुक्त मेसनरी सुरू झाली ती म्हणूनच वेगळी चूल मांडून. अ‍ॅनी बेझंट यांनी तीच शाखा भारतात आणली. इंग्लंडने मात्र १९२९ मध्ये मान्यतेची जी आठ तत्त्वे जाहीर केली, त्यात सभासद केवळ पुरुष असावेत ही अट कायम ठेवली.

नोंदवहीचा दुरुपयोग उलट दिशेनेही होतो. इटलीतल्या ‘पी-२’ या लॉजमधली नावे इतर सभासदांपासून झाकलेली होती. १९८१ मध्ये लॉजप्रमुख लिचो जेल्लीकडच्या झडतीत ९६२ नावांची यादी सापडली तेव्हा सरकार कोसळले आणि १९८२ मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा आला. ब्रिटनने हा धोका फार आधी ओळखला होता: १७९९ च्या कायद्याने मेसनांना गुप्त संघटनांवरच्या बंदीतून सूट दिली, पण प्रत्येक लॉजने सभासदांची यादी दरवर्षी सरकारदरबारी द्यावी या अटीवर. तो कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता.

भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत स्थापन झाली. पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान. तिच्या हाताखाली चार प्रादेशिक ग्रँड लॉज आहेत. महाराष्ट्र पश्चिमेकडे येतो. सगळी लॉज तिच्यात गेली नाहीत. काही इंग्लंडच्या, काही स्कॉटलंडच्या, काही आयर्लंडच्या छत्राखालीच राहिली. त्यामुळे सभासदाने पहिल्यांदा पाहायचे ते हे, की आपले लॉज कोणत्या घटनेखाली आहे. अपिलाची वाट त्यावर ठरते.

आणि ती वाट न्यायालयात कुठपर्यंत जाते, हे बेळगावच्या ‘लॉज व्हिक्टोरिया’ क्रमांक ३६३ च्या प्रकरणाने ठरवले. बडतर्फ झालेला एक सभासद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ च्या ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) या निकालसंग्रहात छापलेला हा निकाल आजही क्लब आणि मंडळांच्या खटल्यांत उद्धृत होतो. सभासद काढण्याचा लॉजचा अधिकार प्रवेशाच्या वेळी झालेल्या करारातून येतो. म्हणून काढायचे तर त्या नियमांत सांगितलेल्या पद्धतीनेच काढता येते. दिवाणी न्यायालय अशा निर्णयावर अपील ऐकल्यासारखे बसणार नाही. अधिकार नसताना, वाईट हेतूने किंवा नैसर्गिक न्याय धुडकावून कृती झाली असेल तरच हात घालील. त्या सभासदाचे अपील फेटाळले गेले, तत्त्व मात्र राहिले.

यातून रोजच्या व्यवहारात काय उरते? इंग्लिश पद्धतीत लॉज आपल्या सभासदाला फक्त लॉजमधून वगळू शकते. मेसनरीतूनच काढणे ग्रँड लॉजच्या हाती. वगळायचे तर आरोप लेखी द्यावा लागतो, आधी नोटीस द्यावी लागते, बाजू मांडू द्यावी लागते आणि उपस्थितांचे दोन-तृतीयांश मत लागते. ठराव पडतो तो बहुधा नोटिशीवर: तारीख, पत्ता, नेमका आरोप यातले काहीतरी राहते. सभा चालू असताना मास्टरने दिलेल्या निर्णयावर त्याच सभेत मत घेता येत नाही, वरच दाद मागायची असते. तेव्हा आपला आक्षेप इतिवृत्तात नोंदवून घेणे महत्त्वाचे, कारण अपिलात पहिले तेच मागतात.

लॉज सर्वांत जास्त सभासद गमावतात ते मात्र आरोपाने नव्हे, थकबाकीने. वर्गणी पूर्ण दोन वर्षे थकली की सभासदत्व आपोआप संपते. ठरावाची गरज नसते. बदली झाली, येणे बंद झाले, ‘सोडल्यातच जमा’ असे समजून माणूस गप्प बसतो आणि दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात अर्ज करताना अडकतो. जाताना सेक्रेटरीला लेखी राजीनामा द्यावा, येणे चुकते करावे आणि बेबाकीचा दाखला हातात घ्यावा.

हॉल किंवा मदतनिधी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावावर असेल, तर महाराष्ट्रात आणखी एक नोंदवही येते: धर्मादाय कार्यालयाची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. लॉजात दरवर्षी पदाधिकारी बदलतात आणि सोहळ्याच्या गडबडीत हा कागद राहून जातो. मग शेड्यूल वनवर, म्हणजे त्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, कधीच वारलेल्यांची नावे दिसतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि हॉलची दुरुस्ती काढायची म्हटले की आधी मागच्या सगळ्या वर्षांचे बदल अर्ज, विलंब माफीच्या अर्जासकट, ओळीने भरत बसावे लागते.