खोताच्या वाडीतला लोणा

खोताच्या वाडीत शिरलं की गिरगावचा गोंगाट दोन वळणांत मागे पडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू जमीनमालकाने इथल्या जागा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना विकल्या. पुढे इथे पोर्तुगीज वळणाची घरं उभी राहिली: ऐसपैस ओटा, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, डोक्यावर मंगलोरी कौलं. (कौलं मात्र नंतरची. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना निघाला तोच १८६०च्या दशकात.)

लोक जिन्याचे फोटो काढतात. मी भिंतीपाशी रेंगाळतो. परवा एका घराला कंबरेपर्यंत सिमेंटचा नवा गिलावा दिसला. तो जिथे संपतो, नेमक्या त्या रेषेवर लोणा फुटलेला. बोट लावलं तर पिठासारखा गळाला. त्याच्या हातभर वर जुना चुन्याचा गिलावा, ठणठणीत कोरडा.

या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. दिव्याची वात तेल ओढते तशा विटा जमिनीतलं पाणी वर ओढतात. चुना सच्छिद्र, त्यामुळे ते पाणी वाटेतच उडून जायचं. सिमेंटचा थर घट्ट. त्याने वाट अडवली की पाणी आणखी वर चढतं, सिमेंट संपेल तिथून बाहेर पडतं आणि सोबत आणलेले क्षार तिथेच टाकून जातं. तोच लोणा.

चुन्याची तऱ्हाच और आहे. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते कळी. ही कळी पाण्यात टाकली की रटरटते, विरते. मग भिंतीवर बसल्यावर हवेतून तोच वायू परत घेत सावकाश पुन्हा दगड होते. घाई नाही, वर्षानुवर्षं चालतं हे. बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तड्यात जाऊन पुन्हा घट्ट होतो. भिंत आपली आपण सांधली जाते. सिमेंटला एवढी लवचीकता नाही.

हे सगळं मी घरमालकांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे हो तुमचं," ते म्हणाले, "पण लोणा चुन्यालाच लागलाय ना? मिस्त्री म्हणतोय, सिमेंट अजून दोन फूट वर चढवू."