इंजिन ऑइलचा अतिरिक्त खप : निदान

मोटारीच्या इंजिनातील ऑइल प्रमाणाबाहेर कमी होत असल्यास ते बाहेर गळते की आत जळते, आणि जळत असल्यास कोणत्या वाटेने सिलिंडरात शिरते, हे क्रमाने शोधण्याची प्रक्रिया. नागपूरच्या गॅरेजांत ही तक्रार ‘गाडी ऑइल खाते’ अशी सांगितली जाते. थोडे ऑइल प्रत्येक इंजिनात जळतेच, कारण पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये त्याचा पातळ थर राहावाच लागतो. काही उत्पादक १,००० किमी.मागे एक लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरतात. सुस्थितीतील इंजिनाला मात्र याहून पुष्कळच कमी ऑइल पुरते.

निदानाचा पाया मोजमाप हा आहे आणि नेमके तेच बहुधा वगळले जाते. सपाट जागी इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे आणि १,००० किमी.नंतर तशाच स्थितीत पुन्हा त्या खुणेपर्यंत किती लागले ते मोजावे. समृद्धी महामार्गाचा २०२२ मध्ये खुला झालेला नागपूर–शिर्डी टप्पा ५२० किमी.चा असल्याने एका जाण्यायेण्यात हे अंतर भरते, परंतु सलग वेगामुळे खप वाढतो हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते. उलट हिवाळ्यात धरमपेठ–सीताबर्डी अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते आणि पातळी स्थिर भासते; पुढे लांबच्या प्रवासात ते पेट्रोल उडून गेले, की पातळी एकदम उतरलेली दिसते. वास्तविक हा खप आधीच्या कित्येक आठवड्यांचा असतो.

गळती टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) गॅस्केट, क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) ऑइल सील आणि फिल्टर येथे पाहावी. काही गळती इंजिन चालू असतानाच होते. त्यामुळे पार्किंगची कोरडी फरशी हा पुरावा नव्हे.

ऑइल जळल्याचा निळसर धूर रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना क्षणभर आला, तर व्हॉल्व्ह सीलवर (झडपेच्या दांड्यावरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या कड्यावर) संशय जातो. वेग घेताना सतत आला, तर रिंगांवर. उड्डाणपूल उतरताना सोडलेला ॲक्सिलरेटर पुन्हा दाबताच आलेला धूरही बहुधा सीलचाच असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे (बाहेर जाणारे वायू शुद्ध करणाऱ्या भागामुळे) धूर दिसेनासा होऊ शकतो, म्हणून धूर नाही एवढ्यावरून इंजिन निर्दोष ठरवू नये. इंजिनाच्या पोटातील वायू परत हवेच्या वाटेत सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तरी ऑइल जळू शकते; तो स्वस्तात बदलता येतो. तो आधी तपासावा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असल्यास त्याच्या पाइपांत साचलेले ऑइलही पाहावे.

सिलिंडरात किती दाब भरतो हे मोजणाऱ्या कॉम्प्रेशन चाचणीत दाब कमी आला आणि सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडल्यावर वाढला, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. दाब पुरेसा असणे मात्र फसवे ठरते. ही चाचणी वरच्या दोन रिंगांची परीक्षा घेते. भिंतीवरचे जादा ऑइल खरवडणारी खालची ऑइल रिंग काजळीने जाम झाली असली, किंवा व्हॉल्व्ह सील कडक झाले असले, तरी दाब चांगलाच भरतो. अशा वेळी स्पार्क प्लगच्या छिद्रातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहतात : कडेने ऑइलने धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसल्यास ऑइल रिंगांवाटे येते, तर इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) पाठीवर ओलसर काजळीचे थर असल्यास सीलमधून.