राखणदाराने पाडलेली वाट : प्रॉक्सी सर्व्हरची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या पोरांना 'प्रॉक्सी' हा शब्द कॉम्प्युटरच्या आधी हजेरीपटावर भेटतो. मित्र गावाकडं गेलेला असतो, सर नंबर पुकारतात आणि मागच्या बाकावरून भलताच आवाज 'हजर' म्हणतो. म्हणून लॅबमध्ये पहिल्यांदा 'प्रॉक्सी सर्व्हर' ऐकलं की पोरं गालात हसतात. यात काहीतरी लबाडी असणार असं त्यांना वाटतं. मूळ शब्द मात्र सरळमार्गी आहे. दुसऱ्याच्या वतीनं काम पाहण्याचा अधिकार, म्हणजे आपल्या कचेरीतलं मुखत्यारपत्र.

मला तर हजेरीपेक्षा मोंढा जास्त जवळचा वाटतो. शेतकरी सोयाबीनची पोती आडत्याकडं उतरवतो. सौदा आडत्या करतो, माप होतं, पट्टी आडत्याच देतो. तेलमिलवाल्याला माल कोणाच्या रानातला, हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी माल अमुक आडतीवरचा. प्रॉक्सी सर्व्हर नेमकं एवढंच करतो. तुमचा ब्राउझर मागणी त्याच्याकडं देतो, तो ती स्वतःच्या पत्त्यावरून पुढच्या सर्व्हरकडं, म्हणजे पान ठेवलेल्या मशीनकडं, नेतो, आलेलं उत्तर तुमच्या हातात ठेवतो. पुढच्याला पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा. आणि आडत्याच्या वहीत जशी प्रत्येक पोत्याची नोंद, तशी प्रॉक्सीच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीची.

वेबसाठी ही सोय जन्मली ती जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत. 1990 नंतरच्या वर्षांत मोठ्या कंपन्यांनी आपलं आतलं नेटवर्क फायरवॉलच्या भिंतीआड घेतलं होतं. बाहेरचा चोर आत येऊ नये हा हेतू. पण त्या भिंतीमुळं आतल्या माणसालाही बाहेरचं वेब दिसेना. सर्नचे अरी लुओटोनेन आणि इंटेलचे केविन आल्टिस यांनी 1994 मध्ये वेब प्रॉक्सीवरचा निबंध लिहिला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्नमध्ये पहिली वर्ल्ड वाइड वेब परिषद भरली, तिथं तो मांडला गेला. कल्पना साधी होती : भिंतीत एकच खिडकी ठेवायची, तिथं एक प्रोग्राम बसवायचा आणि सगळ्यांनी त्याच्याकरवी बाहेरचं मागवायचं. सर्नच्या वेब सर्व्हर प्रोग्राममध्येच ती सोय घातली गेली.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आज प्रॉक्सी म्हटलं की बंदी चुकवण्याची आडवाट डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात ही वाट राखणदारानंच पाडलेली. भिंत त्याची आणि खिडकीही त्याचीच.

त्या निबंधात आणखी एक गोष्ट होती आणि आपल्याकडं तीच जास्त कामाला आली. सगळ्यांच्या मागण्या एकाच जागेवरून जात असतील, तर एकदा आणलेलं पान तिथंच साठवून ठेवता येईल. याला म्हणतात कॅशिंग. भारतात विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं 15 ऑगस्ट 1995 ला, तेही आधी महानगरांत. डायल-अपचा वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. नंतर कॉलेजांकडं 64 किलोबिटच्या लीज लाइन, म्हणजे कायम जोडलेल्या भाड्याच्या लाइनी आल्या, तेव्हा त्यांचं कोण कौतुक! अशा एका लाइनीवर चाळीस कॉम्प्युटर जोडलेल्या लॅबची देखरेख मी काही वर्षं केली आहे. हिशोब सांगतो. 50 किलोबाइटचं एक चित्र म्हणजे 400 किलोबिट. 64 च्या लाइनीवरून ते उतरायला सहा सेकंदांहून थोडं जास्त. चाळीस पोरांनी एकाच तासाला तेच पान उघडलं, तर चार मिनिटं नुसती त्या एका चित्रात जायची. मध्ये प्रॉक्सी असला की चित्र लाइनीवरून एकदाच यायचं, बाकी एकोणचाळीस जणांना ते लॅबमधल्याच मशीनवरून मिळायचं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी हौदात घेऊन मग घराघरानं भरावं, तसं.

त्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि स्क्विड हा प्रॉक्सीचा प्रोग्राम. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातल्या कॅशवरून ड्युएन वेसल्स यांनी स्क्विड उभं केलं; पहिली आवृत्ती 1996 ची, फुकट आणि मुक्त. स्क्विड म्हणजे कोकणातली माकूल. समुद्रापासून इतक्या लांबच्या आमच्या पोरांना त्या नावाचं काही नव्हतं, पण 3128 हा त्याचा पोर्ट नंबर, म्हणजे मशीनवरच्या त्याच्या दाराचा क्रमांक, मात्र सगळ्यांना पाठ.

बारावीच्या निकालादिवशी या हौदाची मर्यादा कळायची. पोरांची समजूत अशी की एकाचा निकाल उघडला की बाकीच्यांचे भराभर उघडतील. तसं होत नाही. वरची पट्टी, मंडळाचं बोधचिन्ह हे साठवलेलं मिळतं. पण प्रत्येक आसन क्रमांकाचं उत्तर वेगळं, ते दर वेळी लांबूनच आणावं लागतं.

खिडकी एकच असली की खिडकीवर बसलेल्याला नियम लावायचा मोह होतोच. मलाही झाला. चॅटिंगवर पोरं तास घालवतात म्हणून मी स्क्विडला सांगितलं, पत्त्यात 'चॅट'च्या इंग्रजी स्पेलिंगची चार अक्षरं दिसली की पान अडव. आठवडाभरानं शिवजयंतीच्या भाषणाची तयारी करणारा एक मुलगा तक्रार घेऊन आला, "सर, छत्रपतींचं पान उघडंना." त्या पानाच्या पत्त्यात छत्रपतींचं स्पेलिंग सुरू होत होतं नेमकं त्याच चार अक्षरांनी. नियम मी गुपचूप काढला. पुढं ऑर्कुट या सोशल साइटचं वेड आलं, तेव्हा मात्र तेही अडवलं. पोरांनी दोन दिवसांत उतारा शोधला. बाहेर कुठंतरी चालणाऱ्या प्रॉक्सी वेबसाइटवर जायचं, तिथल्या रकान्यात ऑर्कुटचा पत्ता टाकायचा. माझ्या प्रॉक्सीला दिसायची ती भलतीच साइट. राखणदाराचंच हत्यार, पण उलट्या बाजूनं धरलेलं.

त्या फुकटच्या साइटी कोण चालवत होतं, हे कोणी विचारत नव्हतं. त्या वेळी बरीच पानं साध्या एचटीटीपीवर, म्हणजे उघड्या पोस्टकार्डासारखी यायची-जायची. मधल्या माणसाला पासवर्डसुद्धा वाचता यायचा. एचटीटीपीएस, म्हणजे बंद पाकिटातली पद्धत, सर्वत्र आल्यावर चित्र पालटलं. त्यात प्रॉक्सी फक्त नळी जोडून देतो. कोणत्या साइटशी बोलणं चाललंय हे साधारणपणे त्याला कळतं, काय बोलणं चाललंय ते नाही. त्यामुळं चोरून वाचणं अवघड झालं, पण आमचा हौदही आटला, कारण न वाचता आलेलं पान साठवून दुसऱ्याला देणार कसं? काही संस्था आता यंत्रावर स्वतःचं सर्टिफिकेट बसवून ती नळी मध्येच उघडतात. हे त्यांनी वापरणाऱ्याला स्पष्ट सांगायला हवं, असं माझं मत आहे.

गावाकडं तर प्रॉक्सी नाव न घेताच पोचला. नोकियाच्या साध्या फोनवरचं ऑपेरा मिनी आठवतंय? 2005-06 मध्ये आलेला तो ब्राउझर पान थेट आणतच नव्हता. कंपनीचे सर्व्हर ते आणून, दाबून, बारीक करून फोनकडं पाठवायचे. टूजीच्या रेंजवर बातम्या वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण मध्यस्थामार्फत वाचतोय, याचा पत्ता नव्हता.

आज प्रॉक्सीची खरी गर्दी आहे ती पलीकडच्या बाजूला, म्हणजे खरेदीदाराच्या, इथं सर्व्हरच्या, दारात. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. इथं तो लपवतो सर्व्हरला. आलेली गर्दी पाठीमागच्या अनेक मशीनमध्ये वाटून देतो, हल्ले अडवतो. इगोर सिसोएव्ह यांनी 2004 मध्ये खुलं केलेलं एन्जिनएक्स हे सॉफ्टवेअर या कामात फार वापरलं जातं. क्लाउडफ्लेअरसारख्या कंपन्या हाच धंदा जगभर करतात. 18 नोव्हेंबर 2025 ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं तेव्हा एक्स आणि चॅटजीपीटीसारख्या बड्या साइटीही अडकल्या. आडत बंद की मोंढा बंद, आपल्याला हे नवं नाही.

प्रॉक्सी आणि व्हीपीएन यांची लोक सर्रास गल्लत करतात. प्रॉक्सी सहसा एखाद्या ॲपची मागणी नेतो; व्हीपीएन फोनमधली सगळी वाहतूक कुलूपबंद करून नेतो. वही मात्र तिथंही असू शकते. 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले.

व्हॉट्सॲपनं जानेवारी 2023 मध्ये प्रॉक्सीची सोय दिली, ॲप अडवलेल्या ठिकाणी निरोप पोचावा म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात, बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं आणि मागोमाग जालन्यातही. तेव्हा ओळखीच्या एका पोरानं फोन करून विचारलं, "सर, आता प्रॉक्सी टाकली तर चालंल का?" मी त्याला म्हणालो, अरे, मोंढ्याचा रस्ताच बंद आहे, आडत्यापर्यंत जाणार कसा?