उघडे सीसीटीव्ही कॅमेरे

इंटरनेटला जोडलेल्या ज्या कॅमेऱ्याचे चित्र पासवर्डाशिवाय किंवा जगजाहीर पासवर्ड टाकून कोणालाही पाहता येते, त्याला उघडा कॅमेरा म्हणतात. तो पाहायला फार मोठा हॅकर लागत नाही. 2009 मध्ये सुरू झालेले शोडान हे शोधयंत्र इंटरनेटला जोडलेली अशी उपकरणे हुडकून देते.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आणि राहते घर पुष्कळदा एकाच आवारात असते. मालक बाहेरगावी असला तरी माग चालू आहेत का, टॉवेलचे गठ्ठे कधी हलले, हे मोबाईलवर दिसावे म्हणून कॅमेरा बसतो. त्याच चौकटीत अंगण येते, न्हाणीकडे जाणारी वाट येते, घरातल्या बायका येतात. घर कधी रिकामे असते, तेही त्यातून कळते. कामगारांना तर बहुधा कोणी विचारलेलेच नसते.

दोष बहुतेक वेळा बसवण्यातच राहतो. पुढे दुरुस्तीला सोपे जावे म्हणून बसवणारा डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड ‘ॲडमिन’ किंवा ‘123456’ असाच ठेवतो आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडून देतो. पोर्ट बंद असले तरी कंपनीच्या ॲपमधून चित्र बाहेर जातेच. तिथे सगळी भिस्त पासवर्डावर. 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने असेच उत्पादक कंपनीने घालून दिलेले पासवर्ड वापरून कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडल्या.

सर्वांत जपावे लागते ते दवाखान्यात. सोलापुरात धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडूनही रुग्ण येतात. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे चित्रण फेब्रुवारी 2025 मध्ये इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासणीच्या खोलीत कॅमेरा नसावाच. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 66ई नुसार संमतीविना खासगी अवयवांचे चित्रण किंवा प्रसारण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

पासवर्ड मालकाने स्वतः बदलावा, बसवणाऱ्याचे खाते काढून टाकावे. जुना डीव्हीआर भंगारात देताना हार्डडिस्क आधी काढून घ्यावी. तिच्यात कित्येक दिवसांचे चित्रण तसेच असते.