परदेशी डोनर आणि एम्बसीचं पत्र, मागची गोष्ट

अमेरिकन पासपोर्टवाला मुलगा वडिलांना किडनी द्यायला पुण्यात येतो तेव्हा घरच्यांना पहिला धक्का हाच बसतो की तो कायद्याने परदेशी डोनर आहे. सख्खा मुलगा, कोथरूडच्या शाळेत शिकलेला, आणि परदेशी! अहो ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे की त्याच्याकडे, असं सगळेच म्हणतात, पण ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. भारतीय पासपोर्ट असता तर काम हॉस्पिटलच्याच पातळीवर झालं असतं, आता मात्र आधी ऑथरायझेशन कमिटीची, म्हणजे अशी ट्रान्सप्लांट तपासून मंजूर करणाऱ्या समितीची, परवानगी.

याचं मूळ जुनं आहे. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते औषध, आलं, नात्याबाहेरची किडनीही टिकायला लागली, मग आखाती देशांतले पेशंट मुंबई-मद्रासला येऊ लागले. पैसा तिकडचा, किडनी इथल्या गरिबाची. त्यावर 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला आणि महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 1995 पासून लागू झाला. तेव्हा परदेशी माणूस म्हटलं की घेणाराच डोळ्यासमोर यायचा, देणाराही बाहेरून येईल हे फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

पुढे 2011 ची दुरुस्ती आणि 2014 चे नियम आले आणि खरा गुंता इथेच आहे. भारतीय डोनर आणि परदेशी पेशंट, जवळचं नातं नाही, तर साफ नाही, कमिटीलाही तो अधिकार नाही. पण दोघंही परदेशी असतील तर इतकी स्पष्ट रेघ ओढलेली नाही, ते प्रकरण कमिटीच्या पदरात. मग कमिटीने नातं ओळखायचं कसं? तर फॉर्म 21, म्हणजे त्या देशाच्या एम्बसीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने नातं प्रमाणित करायचं, आणि भारतात एम्बसीच नसेल तर तिथल्या सरकारने. माझ्या मते सगळा डोलारा या एका कागदावर उभा केला ही मोठीच चूक होती.

त्यात 'जवळचे नातेवाईक' हा शब्द. कायद्यात आधी नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं एवढेच होते, 2011 ला आजी-आजोबा आणि नातवंडं आली. चुलतभाऊ, भाचा, जावई, सून यात नाहीत. आता आपल्याकडे आत्तेभाऊ पण भाऊच, राखी त्यालाही बांधतात, बांगलादेशातही असा भाऊ भाऊच, त्यामुळे कागदावर नुसतं 'भाऊ' लिहिलं तर नक्की कुठला हे विचारावंच लागतं. डीएनए टेस्टने सख्खेपणा कळतो, पण नवरा-बायकोचं काय? तिथे लग्नाचा दाखला आणि फोटो बघायचे. 2022 मध्ये पुण्यातच एका बाईला पेशंटची बायको म्हणून उभं केल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेही ठरलेले पंधरा लाख मिळाले नाहीत म्हणून तिनेच तोंड उघडलं तेव्हा. दोघंही इथलेच, तरी ही गत, मग ढाक्याहून आलेल्या जोडप्याचा कागद इथे कोण पडताळणार?

एजंट लोकांनी हे कधीच हेरलं होतं. पेशंट आणि डोनर एकाच देशातून आणायचे, नात्याचे कागद तयार करायचे, ऑपरेशन भारतात. 2024 मध्ये दिल्ली आणि राजस्थानात बांगलादेशी डोनरची अशी प्रकरणं उघडी पडली, बनावट कागदपत्रं आणि एनओसी सापडल्या. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की परदेशी पेशंटच्या ट्रान्सप्लांटवर लक्ष ठेवा, आणि प्रत्येक ट्रान्सप्लांटला डोनर-पेशंटचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक घ्या, लाइव्ह म्हणजे जिवंत डोनर असेल तर ऑपरेशननंतर 48 तासांच्या आत. क्रमांकाने नोंद राहते हो, नातं नाही कळत.

आणि या सगळ्या कडकपणाची झळ बसते ती आपल्या त्या मुलाला. तीन आठवड्यांची रजा टाकून आलेला, त्यातले दहा दिवस जन्मदाखला आणि एम्बसीच्या ईमेलमध्ये गेलेले, वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच, आणि कमिटीसमोर व्हिडिओ शूटिंग चालू असताना त्यालाच विचारतात, हे तुमचे कोण?