तंत्रिका-शस्त्रक्रियेनंतरचे हस्तपुनर्वसन

दुखापतीने तुटलेली वा निकामी झालेली हाताची तंत्रिका (मज्जातंतू, बोलीत नस) शस्त्रक्रियेने सांधल्यावर, तिच्यात कलम घातल्यावर किंवा तिचे काम दुसऱ्या तंत्रिकेवर वा स्नायूवर सोपवल्यावर हात पुन्हा रोजच्या वापरात यावा म्हणून केले जाणारे उपचार व शिक्षण. भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) या दोन शाखा ते मिळून सांभाळतात.

भारतात मानेतून हातात उतरणाऱ्या तंत्रिकांच्या जाळ्याला (ब्रेकियल प्लेक्सस) होणाऱ्या इजांमध्ये दुचाकीचे अपघात हे प्रमुख कारण आहे. मनगटापाशी काच किंवा धारदार पत्रा लागून मीडियन (अंगठ्याकडची) व अल्नर (करंगळीकडची) तंत्रिका कापल्या जातात. दंडाचे हाड मोडल्यावर त्याला वळसा घालून जाणारी रेडियल तंत्रिका दुखावते व मनगट लोंबकळते. कडबाकुट्टीसारख्या यंत्रांत सापडलेल्या हातात तंत्रिकेबरोबर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), रक्तवाहिन्या व हाडेही जातात. अशा हाताचे भवितव्य एकट्या तंत्रिकेवर ठरत नाही.

पुनर्वाढ व वेळेचे गणित. तुटलेल्या तंत्रिकेचा तुटीपलीकडचा भाग झिजून जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या तंत्रिकांवर प्रयोग करून दाखवले. इजेची तीव्रता सांगण्यासाठी सेडन यांचे तीन प्रकारांचे (१९४३) व संडरलँड यांचे पाच पायऱ्यांचे (१९५१) वर्गीकरण वापरतात. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना दुसरे अधिक उपयोगी पडते.

सांधलेल्या तंत्रिकेतून नवे अक्षतंतू (निरोप वाहणारे तंत्रिकेतील बारीक धागे) ढोबळमानाने दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकतात. मनगटापाशी सांधलेल्या तंत्रिकेची संवेदना बोटांच्या टोकापर्यंत यायला त्यामुळे सहा महिने किंवा अधिक लागतात. मानेपासून तळहातापर्यंतचे अंतर त्या वेगाने तोडायला दोन वर्षेही अपुरी पडतात. तंत्रिका तुटलेला स्नायू तितका वेळ थांबत नाही. साधारण बारा ते अठरा महिन्यांत त्याच्यात असे बदल होतात की उशिरा पोचलेला अक्षतंतू त्याला हलवू शकत नाही. या काळात सांधे आखडू न देणे, गळालेले मनगट वा वाकलेली बोटे आधारपट्टीने (स्प्लिंट) योग्य स्थितीत ठेवणे व बधिर कातडी भाजण्या-कापण्यापासून जपणे एवढेच हाती असते. हे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते. स्नायू परतला पण सांधा आखडलेला, अशी स्थिती त्यातून ओढवते.

तंत्रिकाहीन स्नायूला महिनोन्महिने विजेचे झटके देण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी चालू आहे. तिच्या फायद्याबद्दल एकमत नाही. टेसा गॉर्डन व त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांनी तपासलेली पद्धत वेगळी आहे. तीत शस्त्रक्रियेच्या सुमारास तंत्रिकेलाच सेकंदाला वीस स्पंदनांनी साधारण तासभर उत्तेजन देतात. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तिचा पुरावा अधिक भरवशाचा आहे, मात्र ती अजून सर्रास रूढ झालेली नाही.

टिचकीची खूण. तंत्रिका वाढत आहे की नाही हे बाहेरून ओळखण्याचा जुना उपाय म्हणजे तिच्या मार्गावर बोटाने हलके ठोकत जाणे. जिथे ठोकल्यावर त्या तंत्रिकेच्या क्षेत्रात मुंग्या येतात, तिथवर कोवळे अक्षतंतू पोचले असे समजतात. या खुणेला झ्यूल टिनेल या फ्रेंच वैद्यांचे नाव आहे, पण श्रेय वादग्रस्त आहे. टिनेल यांचा लेख ऑक्टोबर १९१५ मधला. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाउल होफमान यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे सुमारे सहा महिने आधी, सांधलेल्या तंत्रिकांबद्दल हीच खूण प्रसिद्ध केली होती. दोघे पहिल्या महायुद्धात परस्परविरोधी बाजूंच्या जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्यांनी एकमेकांचे लेख पाहिले असण्याची शक्यता कमी वाटते. इंग्लंडमध्ये ट्रॉटर व डेव्हिस यांनी स्वतःच्या त्वचेतल्या तंत्रिका कापवून घेऊन केलेल्या १९०९ च्या अभ्यासातही याच्या जवळचे निरीक्षण आढळते. काही ग्रंथ म्हणून ‘होफमान–टिनेल खूण’ असे जोडनाव देतात, व तेच न्याय्य दिसते. बोटाच्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे ओळखले जाणारे योहान होफमान हे वेगळे गृहस्थ. आज मनगटातील दबलेल्या मीडियन तंत्रिकेसाठी हीच टिचकी सर्रास वापरतात, पण तो उपयोग मूळ लेखांत नाही.

पुनर्वसनात या खुणेचा उपयोग मर्यादित पण पक्का आहे. मुंग्यांचे ठिकाण दर महिन्याला पुढे सरकत असेल तर वाट पाहावी. ते महिनोन्महिने एकाच जागी थबकले असेल तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा. ठिकाण पुढे सरकले म्हणून हात कामाचा होईलच असे नाही, हा इशारा जुन्या लेखकांनीही दिला आहे.

संवेदनेचे पुनर्शिक्षण. संवेदना कशी परतते याचा गाजलेला अभ्यास ब्रिटिश तंत्रिकावैद्य हेन्री हेड यांचा. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हातातील त्वचेच्या तंत्रिका कापून पुन्हा सांधून घेतल्या. त्यानंतर काही वर्षे केंब्रिजमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी त्यांच्या कातडीची तपासणी केली. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोघांनी संवेदनेचे दोन स्तर मानले : आधी परतणारा ढोबळ, वेदनेचा, मागाहून येणारा सूक्ष्म, जागा अचूक सांगणारा. ट्रॉटर व डेव्हिस यांना हे दोन स्तर सापडले नाहीत आणि ती विभागणी पुढे टिकली नाही. क्रमाचे निरीक्षण मात्र व्यवहारात खरे ठरते : वेदना, मग सरकता स्पर्श, मग स्थिर स्पर्श, आणि शेवटी, आला तर, वस्तू ओळखण्याइतका बारकावा.

हा बारकावा अवघड का, याची जुनी उत्तरे तंत्रिकेतच शोधली जात. अक्षतंतू तंत्रिकेतल्या चुकीच्या नळीत (आवरणात) शिरतात व अंगठ्याचा निरोप मधल्या बोटाच्या वाटेने जातो, असे ते उत्तर. १९७० नंतर डेलन, विन पॅरी आणि पुढे स्वीडनमधील माल्मो येथील लुंडबोर्ग व रोझेन यांच्या कामामुळे भर मेंदूवर आला. वाट चुकलेले निरोप नव्याने वाचायला मेंदूला शिकवावे लागते. लहान मुलांचे निकाल प्रौढांपेक्षा स्पष्टपणे चांगले असतात, याचा खुलासा या मताने अधिक सहज होतो. प्रौढात मनगटापाशी पूर्ण तुटलेली मीडियन तंत्रिका उत्तम सांधूनही बोटांच्या टोकांचा स्पर्श क्वचितच पूर्ववत होतो.

शिक्षणाची रीत साधी आहे. रुग्ण आधी उघड्या डोळ्यांनी वस्तू चाचपतो, मग डोळे मिटून, मग पुन्हा पाहून पडताळतो. खरकागद, कापूस, नाणी, किल्ली असे साहित्य लागते. आपल्याकडे परातीतल्या तांदळात पुरलेले हरभरे, वाटाणे, बटणे शोधून काढणे हा व्यायाम घरीही होतो. तो दिवसातून एकदा अर्धा तास करण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे अनेकदा केलेला बरा. संवेदना परतण्याआधीच चांगला हात आरशात पाहून किंवा दुसऱ्याने केलेला स्पर्श डोळ्यांनी पाहून मेंदूतील हाताची जागा राखावी, असे माल्मोच्या गटाचे म्हणणे आहे.

तंत्रिका-स्थलांतरानंतर. लांब वाट टाळण्यासाठी जवळच्या धडधाकट तंत्रिकेतील काही तंतू तोडून निकामी स्नायूला जोडतात. क्रिस्तॉफ ओबर्लँ यांनी १९९४ मध्ये अल्नर तंत्रिकेचा एक पुंज दंडाच्या बायसेप्स स्नायूला जोडण्याची पद्धत मांडली. तिने कोपर वाकवणे काही महिन्यांत परत येऊ शकते. त्याआधीपासून बरगड्यांमधील तंत्रिका याच कामी वापरल्या जात होत्या.

येथे पुनर्वसनाला वेगळेच वळण लागते. ओबर्लँ पद्धतीनंतर रुग्णाने कोपर वाकवायचे म्हटले तर सुरुवातीला काहीच हलत नाही. मूठ आवळली की दंड हलतो. बरगडीची तंत्रिका जोडली असेल तर खोल श्वास घ्यावा लागतो, आणि खोकला आला की कोपर आपोआप वाकते. म्हणून आधी दात्या तंत्रिकेची (जिच्यातून तंतू घेतले तिची) क्रिया मुद्दाम करायची, तिच्याबरोबर कोपराचा विचार जोडायचा व हळूहळू मूठ किंवा श्वास सोडून द्यायचा. काही महिन्यांनी, कधी वर्षानंतर, कोपर विचाराबरोबर वाकू लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच हे रुग्णाला समजावले नसेल तर पहिल्या हालचाली त्याच्या लक्षातही येत नाहीत.

कंडरा-स्थलांतर व कुष्ठरोगातील हात. तंत्रिका परतण्याची आशा सरल्यावर चालू स्नायूची कंडरा दुसऱ्या कामाला लावतात. या क्षेत्रात भारताचा वाटा मोठा आहे. कुष्ठरोगात कोपराजवळ अल्नर व मनगटाजवळ मीडियन तंत्रिका बाधित होते. तळहातातील लहान स्नायू जाऊन बोटे नखरासारखी वाकतात, पण हातातील मोठे स्नायू शाबूत राहतात. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे स्नायू वापरून बोटे सरळ करण्यास प्रारंभ केला. शस्त्रक्रिया झालेल्यांना सुतारकामासारखा व्यवसाय शिकवणारी छोटी वसाहतही तेथे उभी राहिली. बधिर हाताने हत्यार किती घट्ट धरावे हे कळत नाही, त्यामुळे जखमा होतात. हे तेथे रोजच्या कामातून लक्षात आले व जाड मुठींची हत्यारे तयार झाली. महाराष्ट्रात नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शस्त्रक्रिया रुजवल्या.

साधारण तीन-चार आठवडे प्लास्टरमध्ये राहिल्यावर जागा बदललेल्या स्नायूला नवे काम शिकवतात. मनगट वर उचलणारा स्नायू बोटांना जोडला असेल तर मनगट उचलण्याचा प्रयत्न करताच बोटे मुळाशी वाकून पुढे सरळ होतात. स्पर्श मात्र या शस्त्रक्रियेने परत येत नाही.

दैनंदिन वापर व मोजमाप. स्नायूंचे बळ शून्य ते पाच अशा ब्रिटिश श्रेणीने मोजतात. श्रेणी तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल. कागदावर ती यश ठरते. भरलेली बादली तिने उचलत नाही. कामाची चाचणी म्हणून जेब्सन यांची सात भागांची चाचणी (१९६९) व ‘डॅश’ ही तीस प्रश्नांची प्रश्नावली (१९९६) प्रचलित आहेत. जेब्सन चाचणीत जेवणाचा भाग चमच्याने राजम्याचे दाणे उचलून तपासतात. हाताने भात कालवून घास करणे, एका हाताने भाकरीचा तुकडा मोडणे, निऱ्या घालणे, कणीक मळणे, शौचानंतर तांब्या धरून धुणे यांना तिच्यात जागा नाही. घास करायला अंगठा इतर बोटांसमोर यावा लागतो व बोटांच्या टोकांना ओलसर अन्नाचा अंदाज यावा लागतो. चमच्याच्या चाचणीत चांगले गुण मिळवणारा रुग्ण पंगतीत बसायला संकोचतो ही तक्रार उपचारकांच्या ओळखीची आहे. त्यामुळे रुग्णाला स्वतःच्या घरातली तीन-चार कामे निवडायला सांगून त्यांतील प्रगती पाहणे अधिक योग्य.

बधिर हातासाठी घरातले नियम थोडके आहेत : तवा-कढई पकडीनेच धरणे, चहाचा पेला आधी दुसऱ्या हाताने चाचपणे, पाण्याची ऊब कोपराने पाहणे, रात्री झोपण्यापूर्वी हात उजेडात तपासणे. थंडी सहन न होणे ही तक्रार अनेकांत वर्षानुवर्षे राहते.

भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या सुमारास कमला निंबकर यांच्या पुढाकाराने झाली. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ ची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हालचालींच्या दिव्यांगत्वात कुष्ठमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे. शासकीय नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते.