जुलाबात आधी बघायचं ते गेलेलं पाणी

तातडीच्या विभागात जुलाबाचं मूल आलं की घरचे सांगतात, सकाळपासून किती वेळा झालं. ते महत्त्वाचं आहेच. पण बहुतेक वेळा जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून पहिला अंदाज पाण्याचा घ्यायचा.

बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी अंगठा व तर्जनीने उभ्या वळीत उचलायची, क्षणभर धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली तर पाणी कमी पडलंय. वळी 2 सेकंद किंवा जास्त राहिली आणि मूल सुस्त असेल किंवा त्याला पिताच येत नसेल, तर जलशुष्कता, म्हणजे अंगातल्या पाण्याची कमतरता, तीव्र आहे. कुपोषित मुलाची कातडी मुळातच सैल असते आणि गुटगुटीत मुलात चरबी फसवते. त्यामुळे एकट्या चिमट्यावर विसंबू नये. खोल गेलेले डोळे, तहान आणि शुद्ध सोबत बघावी.

मूल चिडचिडं आहे, डोळे खोल गेलेत, पाणी अधाशासारखं पितंय, पण शुद्धीवर आहे? मग सलाईन लागत नाही. वजनाच्या दर किलोला 75 मिली ओआरएस 4 तासांत द्यायचं. 10 किलोच्या मुलाला 750 मिली. उलटी झाली की घाबरून ओआरएस बंद केलं जातं, आणि तिथेच घात होतो. 10 मिनिटं थांबावं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत शिरतात, पाणी त्यांच्यामागे जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट चालू असते. 1 लिटरची पुडी अर्ध्या लिटरात कालवली तर मात्र घट्ट द्रावण उलट आतड्यात पाणी ओढतं, रक्तातलं सोडियमही चढू शकतं.

तीव्र जलशुष्कतेत शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाईन, किलोला 100 मिली. वर्षावरच्यांना त्यातले पहिले 30 मिली (दर किलोला) अर्ध्या तासात, उरलेले 70 अडीच तासांत. तान्ह्यांना तेच 1 आणि 5 तासांत. गंभीर कुपोषित मुलाला हा वेग झेपत नाही, त्याचं हृदय थकतं. नुसतं 5 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) इथे कामाचं नाही, त्यात मीठच नसतं.

पाण्यासारख्या जुलाबात प्रतिजैविकं बहुधा लागत नाहीत. शौचात रक्त किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड लहान मुलांना नको, रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनाही नको. झिंक मात्र मुलांना 10 ते 14 दिवस द्यावं: रोज 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली 10.

4 तासांनी पुन्हा तोच चिमटा, तेच डोळे, आणि एक नवा प्रश्न: लघवी झाली का?